दोनशे मीटर आणि एक सरळ रेघ

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? पहाटेचा दूधवाला, पेपरवाला, मागे भली मोठी पेटी बांधून गल्लोगल्ली हिंडणारा पाववाला. फार तर आपले स्वतःचे बालपण : तासाच्या भाड्याने घेतलेली, आपल्या उंचीला न झेपणारी आणि गुडघा फोडून घेऊन परत केलेली ती सायकल. या दोन चाकांवर कित्येकांचे पोट चालते हे आपल्याला ठाऊक आहे. पण नुसती सायकल पळवण्याबद्दल माणसांना भरभक्कम पगार मिळतो आणि ती कशी पळवतात ते पाहायला लाखो लोक रस्त्याच्या कडेला तासन् तास उभे राहतात, हे सांगितले तर आपल्याकडची आजीबाई हातातली वात वळायची थांबेल!

युरोपात मात्र हे वेड जुने आहे. ‘तूर द फ्रान्स’ ही त्यांतली सर्वांत मोठी शर्यत १९०३ साली सुरू झाली. बावीस-तेवीस संघ, प्रत्येक संघात आठ गडी, तीन आठवडे, एकवीस टप्पे आणि सगळे मिळून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर! रोज एक टप्पा. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून ज्याचा सर्वांत कमी, तो अखेरचा विजेता. पण रोजच्या टप्प्याचाही एक विजेता असतोच, आणि सपाट रस्त्याच्या दिवशी तो कसा ठरतो, ही मोठी गंमत आहे. १८० किलोमीटर दौड झाल्यावर निकाल लागतो तो शेवटच्या दोनशे मीटरांत, म्हणजे अकरा-बारा सेकंदांत. चुलीवरचे दूध उतू जायलासुद्धा याहून अधिक वेळ लागतो.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. जुलै महिन्यात रात्री नऊच्या सुमारास, बाहेर पाऊस कोसळत असताना, आमच्या घरात ही शर्यत चालू असते. कारण फ्रान्समध्ये टप्पा संपायची आणि आपल्याकडे पाने घ्यायची वेळ साधारण एकच. हा नाद घरात आणला आमच्या भाच्याने. धाकट्या बहिणीचा हा मुलगा नोकरीसाठी आमच्याकडे राहतो. पहिल्या बोनसमधून त्याने शर्यतीची सायकल घेतली आणि तेव्हापासून पहाटे पाचला उठून तो पश्चिम द्रुतगती महामार्गाने दहिसरच्या दिशेने सुटतो. आता तर त्याला मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचे आहे.

बहिणीचा फोन आला. “दादा, तू तरी सांग त्याला. पुण्याला जायला गाड्या का कमी आहेत?”

आमच्या हिचा आक्षेप वेगळा. एका रात्री वाढता वाढता ती म्हणाली, “चार तास ही माणसं गुण्यागोविंदानं एकत्र चालतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकमेकांच्या उरावर बसतात. मग आधीचे चार तास कशाला?”

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. स्प्रिंटची, म्हणजे त्या शेवटच्या झेपेची सगळी विद्या याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

उत्तर एका शब्दाचे : वारा. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने सायकल हाणणाऱ्याची बहुतेक ताकद समोरची हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. पण तोच माणूस दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालला, तर त्याची जवळजवळ तिसरा हिस्सा मेहनत वाचते. दाट घोळक्याच्या पोटात असला तर त्याहूनही अधिक. म्हणून सगळे घोळक्याने चालतात. चार-सहा धाडसी गडी सुरुवातीलाच पुढे निसटतात, पाच-सहा मिनिटांची आघाडीही घेतात. पण वारा कापायला ते चार-सहाच, आणि मागे आळीपाळीने कापायला शेकडो पाय. रोबेर शापात हा जुना शर्यतपटू पुढे समालोचक झाला. त्याने यासाठी एक त्रैराशिक घालून दिले आहे : पुढे गेलेल्यांना दहा किलोमीटर उरले असता एक मिनिटाची आघाडी हवी, नाहीतर घोळका त्यांना गिळणारच. अशी गिळंकृत झालेली मंडळी पाहून आमची ही दर वेळी हळहळते. कधी हिशेब चुकतो, निसटलेला एखादा गडी वाचतो. त्या दिवशी आमच्याकडे गोडाचे होते.

घोळका एकत्र आला की सुरू होते जागेची लढाई, आणि ती समजायला मुंबईकराला शिकवणीची गरज नाही. संध्याकाळच्या बोरिवली लोकलने जोगेश्वरीला उतरायचे असेल तर केव्हा उठावे? जोगेश्वरीला उठून चालत नाही. गाडी सुटून पुढचे स्टेशन येते. पार्ल्यापासूनच दाराकडे सरकायला लागावे. पण फार पुढे जाऊनही उपयोग नाही. दारातच उभे राहिलात तर अंधेरीला उतरणाऱ्यांचा लोंढा तुम्हालाही फलाटावर काढतो आणि चढणाऱ्यांच्या गर्दीत तुम्ही पुन्हा मागे! दारापासून तिसरा-चौथा, आणि पुढचे हलले की हलणारा, असा माणूसच जोगेश्वरीला सुखरूप उतरतो. स्प्रिंटरचे अगदी हेच. फार मागे राहिला तर वाट बंद. फार पुढे गेला तर सगळा वारा त्याच्या छातीवर.

गंमत अशी की तिकडेही या युक्तीला ‘गाडी’च म्हणतात. शेवटच्या काही किलोमीटरांत एकेका संघाचे गडी एका रांगेत लागतात आणि त्यांचा वेगाचा गडी सर्वांत शेवटी. पहिला जीव तोडून वेग वाढवतो, त्याचे पाय संपले की बाजूला होतो. मग दुसरा, मग तिसरा. डब्यांनी एकामागून एक स्वतःच सुटत जावे, तशी ही गाडी. शेवटचा किलोमीटर राहिला की रस्त्यावर लाल त्रिकोणी निशाण टांगलेले असते. रेषेपासून दोनशे-अडीचशे मीटरांवर शेवटचा वाटाड्या बाजूला होतो, आणि इतका वेळ त्याच्या आडोशाला दडलेला स्प्रिंटर उसळी घेऊन ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने वाऱ्यात शिरतो. इटलीच्या मारियो चिपोल्लिनीची लाल गाडी १९९० च्या दशकात गाजली. १९९९ साली त्याने लागोपाठ चार टप्पे जिंकले. ब्रिटिश मार्क कॅव्हेंडिशच्या पुढे ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ असे. २००९ च्या अखेरच्या दिवशी पॅरिसमध्ये कॅव्हेंडिश पहिला आला, आणि त्याला वाट करून देऊन बाजूला झालेला रेनशॉ दुसरा! इतरांना तो वाटाड्यासुद्धा सापडला नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. घोळक्याने एकत्र रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना वेळ एकच लागतो. म्हणजे स्प्रिंट जिंकणाऱ्याला टप्पा मिळतो, मानाचे गुण मिळतात, दहा सेकंदांचे बक्षीस मिळते. पण साऱ्या शर्यतीचा विजेता तो सहसा होत नाही. गुणांत पहिल्या येणाऱ्यासाठी १९५३ पासून हिरवी जर्सी आहे. डोंगर लागला की मात्र हे दणकट गडी मागे पडतात आणि ठरलेल्या मुदतीत पोहोचलो नाही तर घरी जावे लागेल, या धास्तीने मागच्या मागे एक घोळका करून चढ चढतात. त्या घोळक्याला तिकडे ‘बस’ म्हणतात. म्हणजे सपाटीला आगगाडी आणि डोंगराला बस. मुंबईकराला आणखी काय हवे?

या बसची महती कॅव्हेंडिशच्या अखेरच्या तूरमध्ये दिसली. टप्पे जिंकण्याचा एडी मर्क्सचा ३४ चा विक्रम त्याने २०२१ मध्ये गाठला होता. तो मोडण्यासाठी २०२३ मध्ये उतरला, तर पडून खांद्याचे हाड मोडले. २०२४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पुन्हा आला. पहिल्याच दिवशी इटलीच्या उन्हात आणि चढांवर त्याला ओकाऱ्या झाल्या. त्याचे सोबती त्याच्यासाठी मागे थांबले, त्याला सावरत, पुढे वारा कापत मुदतीच्या आत घेऊन आले. चारच दिवसांनी, ३ जुलै रोजी, सें-व्हुल्बा येथे त्याने ३५ वा टप्पा जिंकला. विक्रमाच्या यादीत नाव एकट्याचे आहे. पहिल्या दिवशी मागे थांबलेल्यांची नावे शोधून काढावी लागतात.

आणि हे सारे कशासाठी? कधी कधी केसाएवढ्या अंतरासाठी. २०१७ साली न्वी-सें-जोर्ज येथे जर्मनीचा मार्सेल किट्टेल आणि नॉर्वेचा एडवाल्ड बोआसन हागेन इतके बरोबर आले की दोघांनाही निकाल कळेना. छायाचित्र पाहिले तेव्हा किट्टेल सहा मिलिमीटरने पुढे होता. दोनशे किलोमीटरहून अधिक सायकल मारून सहा मिलिमीटर! म्हणून रेषेवर हे गडी हात लांब करून सायकल पुढे फेकतात. ज्याने आधीच विजयाचे हात वर केले त्याची कथा २००४ च्या मिलान-सान रेमो या एकदिवसीय शर्यतीत घडली. जर्मनीच्या एरिक त्साबेलने हात उंचावले आणि स्पेनच्या ओस्कार फ्रेयरेने शेजारून चाक पुढे सारले. पेढे वाटायच्या आधी निकाल पाहावा, हे आपल्याकडच्या आईबापांना सांगायला नको.

आता आपल्या घराकडे वळू. आपली मुंबई-पुणे शर्यत एकदिवसीय. पण तिच्यातही हे सारे नाट्य आहे. बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र झळकते. परंतु नकाशा पाहा. खंडाळा-लोणावळा ओलांडल्यावर पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर रस्ता उरतो, आणि तो बराचसा सपाट, किंचित उताराचा. घाटात एकट्याने काढलेली आघाडी तळेगाव-देहूरोडच्या वाऱ्यात टिकवायची म्हणजे शापातचे त्रैराशिक आडवे येणारच. राजा घाटात ठरतो. गादी मात्र पुण्यात कोणाला मिळेल ते मागून येणारा घोळका ठरवतो. २०२६ च्या जानेवारीत तर पुणे जिल्ह्यातच आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. ज्या रस्त्यांवर आपण एस. टी. तून डुलक्या घेत गेलो, तेथे परदेशी संघांच्या गाड्या लागल्या! आपल्या पिढीने सायकलची शर्यत पाहिली ती १९९२ च्या ‘जो जीता वही सिकंदर’ मध्ये. आजच्या पोरांना ती खऱ्या रस्त्यावर पाहायला मिळते आहे, हे थोडे नव्हे.

भाच्याच्या खोलीत एक चित्र लावलेले आहे : इरिट्रियाच्या बिनियम गिरमायचे. आफ्रिकेच्या कडेचा तो लहानसा, गरीब देश. इटालियन लोक तेथे राज्य करायला आले आणि सायकलचे वेड मागे ठेवून गेले. गिरमायने २०२२ मध्ये इटलीच्या शर्यतीत टप्पा जिंकला आणि बक्षीस समारंभात फसफसत्या दारूच्या बाटलीचे बूच उडून त्याच्याच डोळ्यात गेले! शर्यत सोडावी लागली. पण २०२४ मध्ये त्याने तूरचे तीन टप्पे जिंकले आणि हिरवी जर्सी गोऱ्या गड्यांच्या हाती न लागता इरिट्रियाला गेली. तूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णी आफ्रिकन. “मामा, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?” असे भाचा विचारतो तेव्हा माझ्याजवळ ‘नाही’ म्हणण्याचे कारण नसते.

कारण असते ते बहिणीजवळ, आणि ते खोटे नाही.

ताशी साठ-पासष्ट किलोमीटर, खांद्याला खांदा, अंगावर पातळ कपडा. १९९१ च्या अखेरच्या दिवशी पॅरिसमध्ये उझबेकिस्तानचा अब्दुझापारोव्ह मान खाली घालून पायडल मारता मारता कडेच्या कठड्यावर आदळला. हिरवी जर्सी टिकवायची तर रेषा ओलांडणे भाग होते. बऱ्याच वेळाने लोकांनी धरून त्याला रेषेपलीकडे नेले. १९९४ मध्ये आर्मांतिएर येथे बंदोबस्ताचाच एक पोलीस छायाचित्र काढायला रस्त्यात झुकला आणि बेल्जियमचा नेलिसेन त्याच्यावर जाऊन आपटला. फ्रान्सचा जालाबेरही त्यात रक्तबंबाळ झाला.

म्हणून नियम आले. सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरांत (अलीकडे काही टप्प्यांत पाचपर्यंत) कोणी पडला किंवा चाक पंक्चर झाले, तरी त्याला त्याच्या घोळक्याचाच वेळ मिळतो. म्हणजे ज्यांना झेप घ्यायची नाही त्यांनी जिवावर उदार होण्याचे कारण नाही. आणि झेप घेणाऱ्यांसाठी नियम एकच : आपली रेघ सोडायची नाही. एकदा झेप घेतली की ज्या रेघेत आहात त्या रेघेत सरळ जा. बाजूने कोणी पुढे येत असेल तर येऊ द्या. आडवे जाऊ नका. २०१० मध्ये रेनशॉने शेजारच्याला डोक्याने ढुशा दिल्या, त्याच दिवशी त्याला शर्यतीबाहेर काढले. ज्याच्यासाठी दिल्या त्या कॅव्हेंडिशचा विजय मात्र कायम राहिला!

ही रेघ सोडली तर काय होते, ते ५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमध्ये काटोवित्से येथे जगाने पाहिले. टप्प्याचा शेवट उतारावर, वेग ताशी ऐंशीच्या घरात. दोघेही हॉलंडचे, दोघेही नामांकित : डिलन ग्रुनेवेगन पुढे आणि त्याच्या उजव्या हाताला फाबियो याकोबसेन. याकोबसेन पुढे सरकतो आहे असे दिसताच ग्रुनेवेगन उजवीकडे कलला. जागा संपली. याकोबसेन कठड्यांवर आदळला, कठडे उडाले, रेषेजवळचा एक अधिकारीही जबर जखमी झाला. याकोबसेनला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले. चेहऱ्यावर सुमारे १३० टाके; तोंडात दात उरला एक. पंचांनी ग्रुनेवेगनला बाद करून विजय याकोबसेनला दिला, पण आपण जिंकलो हे त्याला कळायला तो शुद्धीवर नव्हता. ग्रुनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. लोकांच्या धमक्या इतक्या आल्या की त्याच्या घराला पोलिसांचा पहारा लागला.

मी हे भाच्याला सांगितले, बहिणीलाही सांगितले. तिच्यापासून लपवून काय साधणार? पण पुढचेही सांगितले. पडझडीला वर्ष होण्याच्या आतच, २०२१ च्या जुलैत, याकोबसेनने पुन्हा टप्पा जिंकला. त्याच वर्षी स्पेनच्या मोठ्या शर्यतीत तीन टप्पे आणि गुणांची जर्सी. आणि २०२२ च्या तूरमध्ये, २ जुलैला डेन्मार्कमधील न्यूबोर्ग येथे याकोबसेन जिंकला. दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, त्याच डेन्मार्कमध्ये सॉनरबोर्ग येथे जिंकला ग्रुनेवेगन. या वेळी रेघ कोणी सोडली नव्हती. त्या घोळक्यात दोघेही होते. एकाला आपल्या शेजारी कोण आहे याची भीती जिंकायची होती, दुसऱ्याला आपल्या हातून काय घडले त्याची. यांतले कोणते ओझे अधिक जड, हे मला ठरवता आलेले नाही.

बहीण बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “जाऊ दे त्याला. पण रेघेत चालायला लाव.” आमच्या हिने तेवढ्यात जोड दिली, “आणि हेल्मेटशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही!” भाच्याने दोन्ही अटी मान्य केल्या आहेत. पुण्याला तो कितवा येईल, याची घरात कोणाला फिकीर नाही.

मला स्वतःला या खेळाचे मोल कळले ते विजेत्यांकडे पाहून नव्हे. शर्यत एकट्याची असली तरी तिच्यात दोन प्रकारच्या माणसांवाचून कोणी जिंकत नाही : आपली पाळी संपताच निमूट बाजूला होणारा सोबती, आणि हरत असतानाही आपली रेघ न सोडणारा प्रतिस्पर्धी. पहिल्याचे नाव तरी संघाच्या यादीत असते. दुसऱ्याचे कोणी घेतही नाही, कारण त्याच्यामुळे काहीच ‘घडत’ नाही, घरी सगळे धडधाकट परततात.

तेव्हा येत्या जुलैत, रात्री नऊच्या सुमारास, पाने वाढून होईपर्यंत जरा पडद्याकडे पाहा. लाल निशाण गेले की हात उंचावणाऱ्याला शोधू नका. तो आपोआप दिसेल. अडीचशे मीटरांवर मान टाकून कडेला होणाऱ्या त्या वाटाड्याकडे पाहा. विजेत्याने मागे वळून हात केलेला त्याला पुष्कळदा दिसतही नाही; तो तेव्हा धापा टाकत, हळूहळू, आपल्या रेघेने येत असतो.